पाणी वाढलं का कमी झालं?

(दृश्य: सकाळ. गावातला आड, दगडी कठडा, बाजूला दप्तरं पडलेली.)

हा जो दोर दिसतोय ना, सुंभाचा, त्याला एकेक फुटावर लाल चिंधी बांधलेली आहे आणि टोकाला दगड. बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतली चौथीची पोरं दर शुक्रवारी परिपाठ झाला की सरांसोबत इथं येतात, आडावर लोखंडी जाळी आहे, तिच्या फटीतून दोर खाली सोडतात, दगड पाण्याला टेकला की डुबुक असा आवाज येतो आणि सगळे एकदम ओरडतात, टेकला टेकला! मग चिंध्या मोजायच्या. आणि मग एकजण सरांचा मोबाईल तोंडाजवळ धरून आज काय बघितलं ते आपल्या शब्दात बोलतो, मिनिटभर, फार तर दीड मिनिट.

खरं सांगायचं तर मी इथं डिजिटल शाळा शूट करायला आलो होतो. म्हणजे भिंतीवर मोठा टीव्ही, पोरं मांडी घालून बघतायत, असं काहीतरी डोक्यात होतं. टीव्ही आहे, लोकवर्गणीतून घेतलेला, पण त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून टॉवेल टाकलेला आहे आणि लाईट असली तर तो चालतो. मला जे बघायला मिळालं ते या साध्या मोबाईलच्या रेकॉर्डरवर.

ऐका आता. डिसेंबरमधलं रेकॉर्डिंग आहे, एका पोरीचा आवाज.

"आज शुक्रवार. आम्ही आड मोजला. मागच्या टायमाला 14 फूट व्हतं, आज 17 फूट भरलं. म्हंजी पाणी 3 फुटानं वाढलंय."

कळलं का काय झालंय? दोर कठड्यापासून पाण्यापर्यंत मोजतो. आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेलं. पण शाळेत आपण काय शिकवतो, आकडा मोठा म्हणजे जास्त, 17 हे 14 पेक्षा मोठे, झालं. तिनं जे शिकलं ते बरोबर लावलं आणि उत्तर पार उलटं आलं.

सरांनी तिथल्या तिथं चूक दाखवली नाही. मी असतो तर लगेच सांगून मोकळा झालो असतो, तुम्ही पण सांगितलं असतं. त्यांनी ते रेकॉर्डिंग जसंच्या तसं सिंधुदुर्गातल्या एका शाळेला पाठवलं, तिथल्या मॅडमची आणि यांची एका ऑनलाईन ट्रेनिंगमध्ये ओळख झालेली, तेव्हापासून दोन्ही वर्ग एकमेकांना आवाज पाठवतात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडे सातशेच्या आतबाहेर, तिकडच्या पोरांना टँकर म्हणजे काय हेच आधी समजावून सांगावं लागलं होतं. सोमवारी तिकडून उत्तर आलं, एका मुलाचा आवाज, मालवणीत: "तुमच्याकडे पावस पडलो काय? मगे पाणी वाढला कसा?"

पडलो ऐकून आपली पोरं आधी खूप हसली. मग हळूहळू वर्ग गप्प झाला, कारण पाऊस तर पडलाच नव्हता.

(दृश्य: वर्गाचा व्हरांडा. पोरगी मोबाईल कानाला लावून बसलेली.)

त्या पोरीनं आपलंच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. एकदा ऐकलं, परत मागं घेऊन ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना तिचा हात आपोआप हलायला लागला, म्हणजे दोर सोडल्यासारखा, एक हात खाली एक हात वर, आणि मधेच थांबून म्हणाली, "सर, पाणी न्हाई वाढलं. दोर वाढला."

मी कॅमेरा धरून उभा होतो आणि मला खरंच भरून आलं.

हे जे तिनं केलं ना, स्वतः बोललेलं बाजूला उभं राहून परत ऐकणं आणि माझं कुठं चुकलं ते आपणच धरणं, हे वहीत लाल पेनानं फुली मारून होत नाही. फुली मारली की पोरगं खोडरबर काढतं, उत्तर बदलतं आणि पुढं जातं, आधी मी असा विचार का केला होता हे कुठंच राहत नाही. रेकॉर्डिंगमध्ये ते राहतं. आणि दुसरी गोष्ट, सर सोडून दुसरं कोणीतरी, चारपाचशे किलोमीटरवर, तिचं म्हणणं कान देऊन ऐकत होतं आणि त्याला ते खरंच समजून घ्यायचं होतं. सरांना उत्तर माहीत असतं, पोरांना हे पक्कं ठाऊक असतं. कोकणातल्या त्या मुलाला माहीत नव्हतं म्हणून त्यानं विचारलं.

पुढचा गोंधळ तर अजून भारी. आठवड्याआठवड्याचे आकडे सर गुगल शीटमध्ये टाकतात, त्याचा ग्राफ काढला तर रेघ वर वर चाललेली. एक पोरगा म्हणाला, हे तर चुकीचं दिसायलंय, पाणी खाली चाललंय आन रेघ वर. त्यानं मोबाईल उलटा धरला, तर ग्राफ फिरून परत सरळ, मग सरांनी स्क्रीन फिरायचं बंद केलं, परत उलटा धरला, आता रेघ खाली आली पण तारखा उलट्या झाल्या, मार्च आधी आणि नोव्हेंबर नंतर. अर्धा तास ह्याच्यावर चालला. शेवटी कार्डशीट घेतलं, शून्य वरती कठड्यापाशी लिहिलं आणि आकडे खाली खाली मांडले. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची माणसं निरीक्षण विहिरीत मोजतात तेसुद्धा असंच, जमिनीपासून पाणी किती खाली. पोरांना हे सरांनी नंतर सांगितलं, त्यांचं कार्डशीट तयार झाल्यावर, आणि तेव्हा त्यांची छाती जी फुगली ती बघण्यासारखी होती.

एका शाळेच्या पोरांनी दुसऱ्या शाळेच्या पोरांसाठी लिहायचं ही गोष्ट मोबाईलच्या फार आधीची आहे. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचे शिक्षक होते, पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला गोळी लागलेली, वर्गात जास्त वेळ बोलता यायचं नाही. त्यांनी 1924 साली वर्गात छोटा छापखानाच आणला. पोरं आपलं लिहायची, आपणच अक्षरांचे खिळे जुळवायची, छापायची आणि ते दूर ब्रिटनीतल्या शाळेला पोस्टानं जायचं. शंभर वर्षं झाली. तेव्हाचे खिळे गेले आणि हातात मोबाईल आला, पण आपण तो बहुतेक वेळा बघायलाच देतो. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की व्हिडिओ येतो, सोलापूर जिल्ह्यातल्या रणजितसिंह डिसले सरांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा त्या कोडचं नाव घरोघरी गेलं, ते काम मोठंच आहे. माझं म्हणणं एवढंच की व्हिडिओ संपल्यावर पोरानं काय करायचं? लॉकडाऊनमध्ये शाळा बंद पण शिक्षण सुरू होतं तेव्हा ग्रुपवर रोज पीडीएफ यायच्या, माझ्या पुतण्याच्या शाळेनं पण पाठवल्या, तो वहीत उतरवून फोटो टाकायचा, समोरून अंगठा यायचा. तुला यातलं काय कळलं नाही रे, असं त्याला वर्षभरात एकदासुद्धा कोणी विचारलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणात समग्र प्रगती पत्रक आहे, त्यात मुलानं स्वतःचं मूल्यमापन करायचं, सोबत्यानं करायचं असं लिहिलेलं आहे, चांगलं आहे, पण हसऱ्या तोंडाला रंग भरला की स्वतःचं मूल्यमापन झालं असं व्हायला नको.

(दृश्य: रात्र. मोबाईलच्या स्क्रीनचा उजेड.)

दिवाळीच्या आधीच या वर्गातली काही पोरं आईबापासोबत ऊसतोडीला गेली. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, कोयता उचलावाच लागतो. एक पोरगा सांगलीकडं फडात आहे, बापाच्या मोबाईलवरून रात्री कोपीतून, म्हणजे फडावरच्या झोपडीतून, व्हॉईस नोट पाठवतो. त्याला सरांनी सांगितलेलं, तिकडचं पाणी मोज. त्याची नोट आली: "सर, हितं नदीला लई पाणी हाय. दोर लागत न्हाई, नुसतं बघितलं तरी दिसतं."

वर्गात ही नोट वाजली तेव्हा कोणीच काही बोललं नाही. मग मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, मग आपल्याकडंच का न्हाई? आणि त्या एका प्रश्नावर दोन आठवडे काम चाललंय, काळा पाषाण, पाऊस, ऊस, बोअर, आज्जीला विचारून आणलेली 1972 च्या दुष्काळाची माहिती, सगळं. पण एक सांगतो, व्हॉईस नोट म्हणजे शाळा नाही. त्या पोराची जागा वर्गात आहे, आईबाप गेले तरी तो गावात राहावा म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत, ती नीट चालली पाहिजेत. नोटमुळं एवढं झालं की वर्ग त्याला विसरला नाही आणि तो वर्गाला विसरला नाही.

आणि हो, या व्हिडिओत तुम्हाला एकाही पोराचा चेहरा दिसणार नाही, नाव पण नाही. दोन्ही शाळांचं तेच ठरलंय, ग्रुपवर फक्त सर आणि मॅडम, घरच्यांना विचारूनच आवाज पुढं जातो. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहेच. पोरांचे फोटो दिवसभर स्टेटसला टाकणाऱ्यांनी जरा थांबून विचार करावा.

(दृश्य: पुन्हा आड. शुक्रवार.)

आज 26 फूट. रेकॉर्डिंग तीच पोरगी करायलीय. "मागच्या शुक्रवारी 25 व्हतं, आज 26. म्हंजी पाणी एक फूट खाली गेलं. आधी मला वाटायचं आकडा वाढला की पाणी वाढतं, कारण मी दोर मोजत व्हते आन मला वाटत व्हतं पाणीच मोजायले."

कोकणातून नवीन प्रश्न आलाय, तुमच्या आडात मासे आहेत का. त्याचं उत्तर अजून गेलेलं नाही. सगळी पोरं जाळीवर वाकून खाली बघतायत, सर एकेकाची कॉलर धरून मागं ओढतायत, आणि खाली अंधारात कोणालाच काही नीट दिसत नाहीये.