सव्वीस म्हणजे सव्वीस नव्हे

अध्यक्षमहाशय आणि मंडळी,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘सायकलची चेन कधी बदलावी’. त्यावर मी बोलणार आहेच, काळजी नसावी. पण चेनकडे जाण्याआधी टायरचं थोडं सांगतो. थोडंच. अध्यक्ष हसतायत, म्हणजे ते मला ओळखतात.

माझं सगळं म्हणणं आधीच सांगून टाकतो, ज्यांना लवकर उठायचंय त्यांची सोय होईल. सायकलचा कुठलाही पार्ट नावानं मागू नये, मापानं मागावा. ‘लेडीज सायकलचा टायर द्या’, ‘गिअरवाल्या सायकलची चेन द्या’ असं दुकानात म्हणणं म्हणजे केमिस्टकडे जाऊन ‘ती पांढरी गोळी द्या’ म्हणण्यासारखं आहे. काहीतरी मिळेल. पांढरंही असेल.

इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तासाच्या भाड्याची सायकल आणून, दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकायला सुरुवात केली असणार. त्या काळी मापाचा प्रश्नच नव्हता. पुण्यात रस्त्यावर दिसायची ती सायकल एकाच घाटाची: दांडीची, काळी, २८ × १ १/२ ची चाकं, रॉडचे ब्रेक, पुढे ३२ आरे, मागे ४०. हँडलवरचं नाव वेगळं असलं तरी एकाचं चाक दुसऱ्याला चालायचं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे पत्र्याच्या डब्यात छर्रे, कॉटरपिना, निपल सगळं मिसळून पडलेलं असायचं आणि तो न बघता हात घालून बरोबर वस्तू काढायचा. आपल्याला वाटायचं, काय कसब आहे. कसब होतंच, पण डब्यात चुकीची वस्तू निघायची शक्यताही कमी होती.

आता माझ्या पुतणीची गोष्ट. ऐकून घ्या, कारण आजचं व्याख्यान तिच्यामुळेच घडतंय. तिची कॉलेजातली लेडीज सायकल बरीच वर्षं जिन्याखाली पडून होती. गेल्या उन्हाळ्यात तिनं ती बाहेर काढली. मागचा टायर तडकून फुटलेला. त्यावर २६ × १ ३/८ असं स्वच्छ वाचता येत होतं. ती शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेली. नाव घेत नाही, अशी दुकानं आता बरीच आहेत. एसी असतो, सायकली भिंतीवर टांगलेल्या असतात आणि विकणाऱ्या मुलाच्या नखांत काळं नसतं. त्यानं हिच्या हातात २६ × १.७५ चा टायर ठेवला. हिनं विचारलं, ‘आकडा वेगळा दिसतोय.’ तो म्हणाला, ‘मॅडम, सव्वीस म्हणजे सव्वीस. हा जरा रुंद आहे एवढंच. ग्रिप चांगली मिळेल.’

रविवारी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये पुतणी, तिचा नवरा आणि वॉचमन असे तिघं त्या टायरशी झटत होते. टायर चढवायच्या दोन लिव्हर वाकल्या. जावई म्हणाले, ‘काका, रबर नवीन आहे म्हणून कडक आहे, थोडं उन्हात ठेवूया.’ जावई सॉफ्टवेअरमध्ये आहेत, मी काही बोललो नाही. खाली बसून दोन्ही टायरच्या कडेवरची बारीक अक्षरं वाचली. नव्यावर ४७-५५९. जुन्यावर ३७-५९०.

हे दोन आकडे, मंडळी, घरी गेल्यावर आपापल्या टायरवर शोधा. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, टायरची तारेची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास. तोही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळला नाही तर टायर बसत नाही, मग दुकानदार काहीही म्हणो. त्या कडेत तार असते, ती ताणली जात नाही. ३१ मिलिमीटरचा फरक उन्हात ठेवून जात नाही.

पुढचं ऐका. पुतणी परत गेली. टायरवर लिव्हरचे ओरखडे होते, त्यामुळे ‘वापरलेला माल परत नाही’. बरीच हुज्जत झाल्यावर त्यांनी बदलून दिला २६ × १ १/२. म्हणे, ‘तुमच्या टायरवर अपूर्णांक होता ना, हा घ्या अपूर्णांकवाला.’ त्यावर लिहिलेलं ५८४. म्हणजे या वेळी सहाच मिलिमीटरनं लहान. हा जास्त वाईट. पहिला निदान उघडपणे बसत नव्हता. हा अर्धा बसतो, आशा लावतो, आणि तुम्ही जोर करत राहता, ट्यूब लिव्हरखाली चिमटून फुटेपर्यंत. आणि याच्या उलट झालं, म्हणजे ५९० चा टायर ५८४ च्या रिमवर चढवला, तर तो हातानं सहज बसतो, सगळे खूश होतात, आणि हवा भरली की कड रिमवरून सुटून ट्यूब बाहेर येते. घरात फुटली तर कानठळ्या बसतात. उतारावर सुटली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

शेवटी पेठेतल्या एका जुन्या, अरुंद दुकानात गेलो. दुकानदारानं सायकल बघितलीही नाही. ‘सव्वीस, एक तीन आठ ना?’ एवढंच विचारलं आणि माळ्यावरून टायर खाली टाकला.

हा घोळ कुणी केला? सगळ्यांनी मिळून. सुरुवातीला २६ हे हवा भरलेल्या टायरचं बाहेरून बाहेरचं माप होतं. टायर जाड करायचा आणि बाहेरून तरीही २६ इंच राहायचा, तर रिम लहान करावी लागणार. पातळ टायरला रिम मोठी. अशा एका सव्वीसच्या पोटात अनेक रिमा जन्मल्या. पुढे त्याच रिमांवर लोकांनी वेगवेगळ्या जाडीचे टायर चढवले, बाहेरचं माप बदललं, तरी २६ चा शिक्का कायम. फ्रेंचांनी इंच सोडून मिलिमीटर घेतले, ६५० आणि ७०० म्हणाले, आणि मागे ए, बी, सी अशी अक्षरं लावली. गोंधळ तोच, फक्त फ्रेंचमध्ये.

यातून अशा गमती होतात की विचारू नका. आपल्या दूधवाल्याची जुनी २८ × १ १/२ ची सायकल, तिची रिम ६३५. आणि आजची मुलं जिला अभिमानानं ‘ट्वेंटी नायनर’ म्हणतात तिची रिम ६२२. म्हणजे एकोणतीसची रिम अठ्ठावीसच्या रिमपेक्षा १३ मिलिमीटरनं लहान! ७०० सी म्हणतात तीसुद्धा हीच ६२२. आणि दूधवाल्याची ६३५ ही फ्रेंच हिशेबात ७०० बी, त्याला कुणी सांगितलेलं नाही, नाहीतर भाव वाढवेल. डोंगरी सायकलींत साडेसत्तावीसची लाट आली, नवं माप म्हणून मोठी जाहिरात झाली. ती रिम ५८४. म्हणजे पुतणीला दिलेल्या त्या ‘अपूर्णांकवाल्या’ टायरचीच. जुनीच रिम, नवा शर्ट.

इथे कुणी गणिताचे सर बसलेत का? बसलेत. सर, पावणेदोन आणि एक पूर्णांक पंचाहत्तर शतांश समान की नाही? शाळेत समान. अमेरिकेत जुन्या सायकलींवर २६ × १ ३/४ लिहिलेला टायर ५७१ चा, आणि २६ × १.७५ चा ५५९. एकमेकांच्या जागी बसत नाहीत. सायकलच्या दुकानात अपूर्णांक आणि दशांश ही दोन वेगळी घराणी आहेत.

टायरचं बोलतोच आहे तर जनावरांच्या डॉक्टरांना विसरून चालणार नाही. जॉन बॉइड डनलप हे बेलफास्टमधले पशुवैद्य, त्यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं १८८८ मध्ये. पुढे कळलं की रॉबर्ट थॉमसन नावाच्या गृहस्थानं तीच कल्पना १८४५ मध्येच नोंदवली होती, आणि पेटंट गेलं. टायर मात्र राहिला, आणि आपल्याकडे त्यासोबत वालट्यूबही, म्हणजे वालवर चढवायची ती बारीक रबरी नळीही, राहिली. रात्रीतून हवा गेली की लगेच पंक्चरवाल्याकडे धावू नका. वालवर थोडी थुंकी लावून बघा. बुडबुडा आला तर वालट्यूब सडलीय, ती अगदी स्वस्तात येते. आणि पंक्चर खरोखरच असेल तर काढण्याआधी टायर आतून चाचपा. फडक्यानं चाचपा, नुसत्या बोटानं नको, बाभळीचा काटा बोटात शिरतो. काटा आतच राहिला तर नवीन पॅचच्या शेजारी उद्या दुसरं भोक. यासाठी मी टायर बसवताना कंपनीचं नाव नेमकं वालपाशी येईल असा बसवतो. ट्यूबला भोक कुठे आहे ते कळलं की टायरवरची जागाही लगेच कळते.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटं. चेन.’ पूर्णविरामासकट. बरोबर आहे, सात वाजता इथे भजनी मंडळाची तालीम आहे.

तर चेन. आपण जी चेन वापरतो तिचं मूळ रूप हान्स रेनॉल्डनं मँचेस्टरमध्ये १८८० साली केलं. आजच्या सायकलच्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच. नवी असताना बारा इंचांत बरोबर चोवीस अंतरं. आपण म्हणतो चेन ताणली. लोखंड ताणलं जात नाही. पिना आणि त्यांच्याभोवतीचे भाग आतून झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई येते, आणि ती ढिलाई जमून चेन लांब होते. मग ती फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राच्या, दातांत नीट बसत नाही, दातांच्या वरच्या बाजूला चढते आणि त्यांना कोरत राहते.

मोजायचं असं. स्टीलची बारा इंची पट्टी घ्या, प्लास्टिकची नको. पायडलवर हलका दाब देऊन चेनचा वरचा भाग ताणून धरा. शून्य एका पिनच्या मध्यावर. आता बारा इंचांच्या खुणेकडे बघा. पिनचा मध्य खुणेवरच आहे, तर चेन चांगली, घरी जा. अर्धं सूत पुढे, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, तर गिअरच्या सायकलीला आता चेन बदला, फ्रीव्हील वाचेल. पूर्ण एक सूत पुढे गेली असेल, तर बहुधा फ्रीव्हीलही गेलं. त्यावर नुसती नवी चेन टाकली तर चढावर जोर लावला की खटकन उडते, आणि लोक म्हणतात नवी चेनच खराब निघाली. एकेरी, बिनगिअरच्या सायकलीला मुभा जास्त, ती एक सुतापर्यंत ओढा.

दुकानात ‘चेन, फ्रीव्हील, पुढचं चेनव्हील, पूर्ण सेट बदलावा लागेल’ असं सांगितलं की एवढंच विचारा: किती सूत? पुढच्या चेनव्हीलचे दात बऱ्याचदा अजून दोन चेनी निघतात एवढे शिल्लक असतात. आणि चेन मागताना मापानं: बिनगिअरची १/२ × १/८. गिअरची त्याहून अरुंद, तिथे मागे किती चक्र आहेत ते सांगा. सहा-सात-आठला चालणारी चेन दहा-अकराला चालत नाही.

तेल. पातळ, शिलाई मशीनचंही चालतं. चेनच्या आतल्या बाजूनं एकेका रोलरवर एकेक थेंब, पायडल उलटं फिरवत. दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं कोरड्या फडक्यानं पुसून टाका, नाहीतर रस्त्यावरची धूळ चिकटून तिची घासपेस्ट होते. गंज सोडवणारा स्प्रे हे वंगण नव्हे, तो उडून जातो. आणि गाडी धुण्याच्या प्रेशर पंपानं सायकल धुवू नका, पाणी छर्‍यांपर्यंत जातं, मग ओव्हरऑइलिंग, म्हणजे सगळं खोलून साफ करणं, आलंच.

ब्रेक. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की रबर बदला. ॲल्युमिनियमची रिम बोटानं बघा. ब्रेक लागतो तिथे आत वाटीसारखी खोलगट झाली असेल तर रिमच जायला आली आहे, त्यावर नवं रबर लावून उपयोग नाही. लोखंडी क्रोमच्या रिमेवर पावसात ब्रेक उशिरा लागतो, त्यात रबराचा दोष नाही. लक्ष्मी रस्त्यावर पाऊस असेल तर ब्रेक आधी धरा.

चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. खुटखुट वाजलं तर कोन, म्हणजे अक्षावरचा छर्रे दाबून धरणारा नट, ढिला आहे. लगेच आवळा, तसंच चालवलं तर छर्रे वाटीला खड्डे पाडतात, आणि दोन रुपयांचं काम हबपर्यंत जातं. जुन्या सायकलीत पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा ‘ठक’ वाजत असेल तर कॉटरपिन, म्हणजे क्रँक, पायडलचा दांडा, अक्षाला पक्का धरणारी खीळ. बदलताना दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेनं घाला, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि आपण लंगडल्यासारखे चालवत राहतो.

हात वर आलाय तिकडे. डावं पायडल निघत नाही? किती दिवस आवळताय? ते उलट्या आट्याचं असतं. उजवं नेहमीसारखं, डावं उलटं. चालवताना आपोआप सुटू नये म्हणून. पान्ह्याची दांडी वर उभी धरा आणि मागच्या चाकाकडे फिरवा, दोन्ही बाजूंनी मागच्या चाकाकडे, म्हणजे दोन्ही सुटतात. निघालंच नाही तर सायकल खाली आणा, मी चहा होईपर्यंत आहे. भजनी मंडळाची पेटी आत येऊ द्या, मी सरकतो.