नाशिकमध्ये बालवाडी निवडताना: शाळा भरलेली असताना जाऊन पाहा

नमस्कार. दिवाळी सरली की गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत ‘प्रवेश सुरू’चे फलक झळकू लागतात आणि ज्या घरात अडीच-तीन वर्षांचे मूल आहे, त्या घरात रोज रात्री जेवताना हाच विषय निघतो. या व्हिडिओत मी कोणत्याही शाळेची शिफारस करणार नाही; शाळा पारखायची कशी, एवढ्यापुरतेच बोलणार आहे.

आधी वयाचा हिशेब करू. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणे अपेक्षित असते आणि त्याच हिशेबाने नर्सरीसाठी तीन. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेले मूल जूनमध्ये शाळेच्या दारात उभे राहते तेव्हा ते जेमतेम अडीच वर्षांचे असते, आणि त्याच्या शेजारी बसणारे जानेवारीतले मूल त्याच्याहून जवळजवळ वर्षभराने मोठे असते. या वयात एवढा फरक बोलण्यात, जिने चढण्यात आणि ‘शू लागली’ हे वेळेवर सांगण्यात ठळकपणे दिसतो. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या खासगी प्ले स्कूलसाठीच्या मार्गदर्शक सूचनाही तीन वर्षांखालील मुलाला प्रवेश देऊ नये असेच सांगतात. वर्षअखेरीस जन्मलेल्या मुलाला एक वर्ष खुशाल घरी ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘वर्ष वाया जाईल’ ही काळजी घरातल्या मोठ्यांची असते, मुलाची नसते.

[पडद्यावर: नाशिकचा नकाशा]

दुसरी गोष्ट अंतराची. तीन वर्षांच्या मुलाला व्हॅनमध्ये पाऊण तास बसवून नेण्याइतकी चांगली बालवाडी मला ठाऊक नाही. घर पंचवटीत आणि शाळा गोदावरीच्या पलीकडे असेल, तर पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढते त्या दिवशी मुलाला घरी कोण आणि कोणत्या पुलावरून आणणार, हे प्रवेश घेण्याआधीच ठरवावे. २०२७च्या सिंहस्थात पर्वणीच्या आसपास त्या भागातल्या वाहतुकीचे काय होते, हे नाशिककरांना मी सांगायला नको. आई-वडील दोघेही सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने जात असतील, तर अचानक बोलावणे आल्यास आजी चालत पोहोचू शकेल अशी शाळा उत्तम.

आता मुख्य मुद्दा. शाळा पाहायला रविवारी किंवा शाळा सुटल्यावर जाऊ नये. त्या वेळी आपल्याला दिसतात त्या रंगवलेल्या भिंती, घसरगुंडी आणि कार्यालयातल्या बाईंचे गोड बोलणे. शाळा भरण्याच्या वेळी जावे आणि अर्धा तास एका कोपऱ्यात उभे राहू देण्याची विनंती करावी. सुरक्षेसाठी काही शाळा वर्गात जाऊ देत नाहीत आणि ते योग्यही आहे. परंतु फाटकाजवळ किंवा व्हरांड्यातसुद्धा उभे राहू देत नसतील, तर त्याचे कारण विचारावे.

तिथे पाहायचे काय? एखादे मूल रडत येते, तेव्हा ताई त्याच्या उंचीला येऊन खाली बसते, की ‘बघ, सगळे हसतायत तुला’ असे म्हणते? डब्याच्या सुटीत एखाद्याला झाकण उघडत नसेल, तर मावशी ते झटक्यात उघडून पुढे जाते, की कड थोडी सैल करून डबा पुन्हा त्याच्याच हातात देते? या साध्या कृतीत त्या शाळेचे सारे शिक्षणशास्त्र दिसते. स्वच्छतागृह स्वतः पाहावे: भांडे लहान आहे का, नळापर्यंत मुलाचा हात पोहोचतो का, फरशी ओली आहे का, आणि मुलांना तिथे नेमके कोण घेऊन जाते. वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असावी, असे आयोगाच्या त्याच सूचनांत आहे. तेव्हा कागदावरची संख्या विचारत बसण्यापेक्षा डोकी मोजावीत.

वह्या दाखवल्या गेल्या तर जरा सावध व्हावे. नर्सरीतल्या मुलाच्या वहीत पानभर ‘अ’ किंवा ‘ए’ गिरवलेला असेल, तर पालकांना समाधान वाटते, पण या वयात मनगटाची हाडे अजून पूर्ण तयार झालेली नसतात. कणीक मळणे, मटार सोलणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे हीच लेखनाची खरी तयारी. ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या शंख-शिंपले, बिया आणि पाने यांच्या आधारे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर आणि घरच्या भाषेवर भर दिला, त्याचा पाठ आपल्याकडे असा फार आधी गिरवला गेला होता. मूल घरी मराठी बोलत असेल, तर दुखले-खुपले, भूक लागली, कुणी ढकलले हे त्याला शाळेत मराठीतून सांगता आले पाहिजे, मग फलकावर माध्यम कोणतेही असो.

महापालिका हद्दीतल्या अंगणवाड्यांकडे मध्यमवर्गीय घरे फिरकतही नाहीत. १९७५ पासून चालत आलेल्या या योजनेत आहार, वजन-उंचीची नोंद आणि पूर्वप्राथमिक शिक्षण विनाशुल्क मिळते. सेविका मनापासून काम करणारी असेल, तर घराजवळची अंगणवाडी एकदा पाहून यायला काहीच हरकत नाही.

शुल्काविषयी थोडक्यात. ‘आमच्याकडे नर्सरी केली नाही, तर पुढे मोठ्या शाळेत जागा मिळणार नाही’ असे कुणी सांगितले, तर ते लेखी मागावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळेच्या प्रवेशासाठी देणगी घेण्यास आणि मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेण्यास मनाई आहे. राज्याच्या शिक्षण विभागाने २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करण्यास सांगितले. ती झाली आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. गणवेश, साहित्य, स्नेहसंमेलन आणि व्हॅन यांचा खर्च धरून वर्षाची बेरीज कागदावर घ्यावी, आणि मूल दोन महिन्यांत रमले नाही व काढावे लागले, तर किती रक्कम परत मिळेल, तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.