मेलेल्या फोनच्या पोटातले आकडे

नमस्कार श्रोतेहो. फोन मेला की आतलं सगळं गेलं, असं आपण धरून चालतो. पण पुष्कळदा बिघडलेला असतो तो वीज पुरवणारा भाग. मेमरीची चिप तशीच धड असते, आणि वीज नसली तरी तिच्यातलं पुसलं जात नाही.

आमच्या मेहुण्यांचा जुना बटणांचा फोन असाच गेला. त्यातल्या एका मेसेजवरून त्यांना एका जुन्या मित्राचा नंबर हवा होता. मी बॅटरी काढली. हो, तेव्हा बॅटरी नखाने निघायची! आता गोंदाने चिकटवतात. कोणाच्या सोयीसाठी, ते एकदा कळायला हवं. असो. गरम हवेने चिप सोडवली, रीडरमध्ये बसवली आणि वाचली. एकदा नाही, दोनदा वाचली. लक्षात ठेवा, दोनदा वाचायची आणि दोन्ही फाइली ताडून बघायच्या. जुळल्या नाहीत तर कुठेतरी चिपचा पाय रीडरला नीट टेकलेला नाही.

फाइल होती १६ मेगाबाइटची. त्यात बरंचसं फर्मवेअर, म्हणजे फोनचा स्वतःचा प्रोग्रॅम. मेनूतले शब्द, रिंगटोन, आणि रिकाम्या जागी नुसतं एफएफ, एफएफ. स्क्रोल करता करता एके ठिकाणी एकाआड एक ०९ दिसायला लागले. ०९ ०६, ०९ ०८. पहिली जोडी 'आ', दुसरी 'ई'. आई! युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी अक्षरांची सुरुवात ०९ नेच होते. मेसेज सापडले.

मित्राचा मेसेजही सापडला, वर नंबर होता. लावला. भलत्याच बाईंनी उचलला. परत लावला, त्याच बाई, आता चिडलेल्या. मग म्हटलं, मी मेहुण्यांना पाठवलेला मेसेज बघू. माझा नंबर तर मला पाठ आहे. तर माझाच नंबर फाइलीत सापडेना! रात्री डोक्यात प्रकाश पडला: मेसेजमधले नंबर जोडीजोडीने उलटे ठेवतात. ९८ चे ८९. पुन्हा सांगतो, अख्खा नंबर उलटा नाही, प्रत्येक जोडी उलटी.

आजच्या स्मार्टफोनवर हे करायला जाऊ नका. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमध्ये तुमचा डेटा कुलूपबंद असणं सक्तीचं झालं, आणि किल्ली प्रोसेसरशी बांधलेली. चिप काढलीत तर फर्मवेअर वाचता येईल, फोटो नाहीत. तिथे फोनचा सर्किट बोर्डच जिवंत करावा लागतो.

तर, जोड्या सरळ करून मेहुण्यांनी नंबर लावला. मित्रानेच उचलला. "अरे, इतक्या वर्षांनी! नंबर कुठून मिळवलास?"

मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाठ होता."