हेल्मेट डोक्यावर बसतं कसं?

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा ओसरला की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या चढावर, आरेत, ठाण्याच्या येऊरला भल्या सकाळी सायकली दिसू लागतात. हेल्मेट बऱ्याच जणांच्या डोक्यावर असतं, पण कित्येकांचं मागे कलंडलेलं आणि कपाळ उघडं. उतारावर पुढचं चाक दगडाला अडलं की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो, आणि मग आपटतं ते हेच कपाळ. म्हणून रंग आणि किंमत आज बाजूला ठेवू.

आधी माप. शिंप्याकडे असते ती टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण दोन बोटं, कानांच्या वरून, मागे डोकं सर्वात फुगीर असतं तिथून ती फिरवा. अनेक कंपन्यांचं मीडियम ५५ ते ५९ सेंटिमीटरच्या आसपास असतं, तरी प्रत्येकीचा तक्ता वेगळा असतो, तो बघूनच घ्या.

आता खरी गोम. घेर ५७ असलेलं डोकं लांबट असू शकतं, तसंच गोलही. कपाळ आणि मागची बाजू दाबली जाते, पण कानशिलांशी फट राहते, तेव्हा हेल्मेट तुमच्या डोक्याच्या मानाने जास्त गोल आहे असं समजा. कानशिलं आवळली जाऊन पुढे-मागे जागा उरली, तर उलट. अशा वेळी दुकानदार हमखास एक साइज मोठं काढून देतो. ते घेऊ नका. दाब जातो, पण फट वाढते, आणि पडताना हेल्मेट डोक्यावर फिरतं. वेगळ्या घडणीचं मॉडेल मागा.

बक्कल न लावता मागची चकती फिरवून हेल्मेट घट्ट करा, मान खाली घाला, डोकं हलवा. ते जागेवर राहिलं पाहिजे. मग हाताने हेल्मेट डावी-उजवीकडे वळवा. कपाळाची कातडी त्याच्यासोबत ओढली गेली पाहिजे. पुढचा आणि मागचा पट्टा कानाच्या पाळीच्या जरा खाली एकत्र यावा. हनुवटीखाली एखादं बोट जाईल इतकीच जागा ठेवा आणि मोठी जांभई द्या. हेल्मेट माथ्यावर किंचित दाबलं गेलं, तर पट्टा बरोबर आहे. चष्मा, अंबाडा, वेणी, सायकलवर असता तसंच दुकानात जा. दहा मिनिटं घालून राहा आणि काढल्यावर आरशात पाहा. एकाच ठिकाणी लाल वळ उठला असेल, तर तासाभरात तिथेच ठणकणार.

आतला जाड थर थर्माकोलच्या जातीचा असतो. तो चिरडतो, आणि त्या चिरडण्यात डोकं थांबायला क्षणाचा अंश जास्त मिळतो. हेल्मेटचं मोठं काम हेच. तिरक्या आपटण्याने डोक्याला पीळ बसतो. त्यासाठी काही हेल्मेटांत मिप्स असतं: पॅडच्या मागचा पातळ, बहुधा पिवळा प्लास्टिकचा पापुद्रा. बोटांनी ढकललात तर तो थोडासा सरकतो. परवडत असेल तर जरूर घ्या, पण ढिल्या हेल्मेटात त्याचा भरवसा धरू नका.

मानकाचा शिक्का आतल्या चिठ्ठीवर शोधा: युरोपचं ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं सीपीएससी. माउंटन बाइकचं हेल्मेट डोक्याची मागची बाजू अधिक खालपर्यंत झाकतं. उड्या आणि खडे उतार करणार असाल, तर हनुवटी झाकणारं फुल फेसच हवं. स्कूटरचं हेल्मेट चालवून घेऊ नका. चढावर पेडल मारताना त्यात डोकं उकडून निघतं.

मुंबईच्या दमट हवेत घामाने पॅड कुबट होतात. वेल्क्रोवरून सोडवून साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. पेट्रोल, थिनर लावू नका, आणि हेल्मेट उन्हात उभ्या गाडीत सोडू नका.

एकदा जोरात आपटलं की ते बाद. पॅड काढून उजेडात धरलं तर कधी केसाएवढी चीर दिसते, कधी काहीच दिसत नाही, तरी आतला थर दबलेला असतो. कचऱ्यात टाकण्यापूर्वी पट्टे कापा, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर जाणार नाही.