बुडत्या जहाजाचा कप्तान

1951 चा नाताळ. हॅम्बुर्गहून न्यूयॉर्कला निघालेलं ‘फ्लाइंग एंटरप्राइज’ हे मालवाहू जहाज अटलांटिकच्या वादळात सापडलं. लाटांच्या तडाख्यांनी डेकला तडा गेला. 28 डिसेंबरला माल सरकला आणि जहाज 45 अंशांत कललं. उभं राहायचं तर एक पाय जमिनीवर, एक भिंतीवर.

कप्तान होते कर्ट कार्लसन, वय 37. जन्म डेन्मार्कचा, पण आता अमेरिकेचे नागरिक. त्यांच्या भरवशावर 40 खलाशी आणि 10 प्रवासी.

मदतीला जहाजं आली, पण इतक्या कललेल्या जहाजावरून होड्या सोडणार कशा? उरली एकच वाट, उडी. प्रवाशांनी एकट्याने उडी मारायची नाही, सोबत एक खलाशी. अशा जोड्या बर्फगार पाण्यात उतरल्या आणि ‘ग्रीली’ व ‘साउथलँड’ या जहाजांच्या होड्यांनी त्यांना उचलून घेतलं. एक प्रवासी दगावला, बाकी सगळे वाचले. खरी कर्तबगारी ती हीच, असं आम्हाला वाटतं. जगाला मात्र पुढचंच आठवतं.

कार्लसन उतरलेच नाहीत. रेडिओवरून बोलत, जहाज ओढून नेता येईल या आशेवर ते एकटेच राहिले. ‘टर्मॉइल’ ही टगबोट, म्हणजे मोठी जहाजं ओढून नेणारी बोट, आली, पण तिचा जाडजूड दोर एकट्याने बांधायचा कसा? 4 जानेवारीला टगबोट अगदी जवळून जात असताना तिचा मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, केनेथ डॅन्सी याने सरळ जहाजावर उडी घेतली. दोघांनी मिळून दोर बांधला. जहाज ओढत इंग्लंडच्या फाल्मथ बंदराकडे निघालं. वर्तमानपत्रं रोज त्याची खबर छापत होती.

बंदर टप्प्यात आलं आणि दोर तुटला. 10 जानेवारीला जहाज जवळजवळ आडवं झालं. दोघे आडव्या धुराड्यावरून चालत गेले आणि तिथून पाण्यात उडी घेतली. ‘टर्मॉइल’ने त्यांना वर ओढलं. थोड्याच वेळात, दुपारी चारच्या सुमारास, जहाज बुडालं.

तरी लॉइड्स या लंडनच्या जहाजविमा संस्थेने कार्लसन यांना रौप्यपदक दिलं, जहाज वाचवण्याच्या प्रयत्नासाठी! न्यूयॉर्कच्या रस्त्यावर कागदी फितींचा पाऊस पाडून त्यांची मिरवणूक निघाली. या कहाणीवर पैसा कमावण्याच्या संधी चालून आल्या, त्या त्यांनी नाकारल्या. कंपनीने नव्या जहाजाला ‘फ्लाइंग एंटरप्राइज 2’ नाव दिलं, तेव्हा त्याचे कप्तानही कार्लसनच होते.