चिटाचा झगा

नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रीसलँड प्रांतातल्या लेउवार्डन शहरातलं हे फ्रीस म्युझियम. काचेआड दिसतोय तो अठराव्या शतकातला बायकांचा लांब झगा. हिंडेलोपन या दर्यावर्दी लोकांच्या गावात त्याला ‘वेंटके’ म्हणत. शिवण तिथली. कापड मात्र भारताच्या आग्नेयेकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरचं. डच लोक त्याला ‘सिट्स’ म्हणतात. आपल्या आज्यांच्या तोंडी चिटाची चोळी असायची ना, त्यातलं ‘चीट’ ते हेच.

आता अगदी जवळून पाहू. फुलं लाल, पण पानं निळी. ती मुळात हिरवी होती. निळीवर पिवळा रंग हातानं भरला की हिरवं पान तयार होई. अडीचशे वर्षांत पिवळा उडून गेला, नीळ राहिली. लाल तर काल चढवल्यासारखा आहे.

त्या लालासाठी काय काय करावं लागे! आधी सुती कापड हिरडा आणि म्हशीचं दूध यांत भिजवायचं. दुधातल्या स्निग्धपणामुळे रंग फुटत नाही. मग कलम. काळ्या रेघेसाठी गुळाच्या पाण्यात आंबवलेलं लोखंड, लालासाठी तुरटी. तुरटीला स्वतःचा रंग नाही. कापड चिरुवेरु नावाच्या मुळीबरोबर उकळलं की जिथे तुरटी लागली तिथेच लाल उमटतो. नीळ चढवायला कापड बुडवावंच लागतं. म्हणून जिथे निळं नको, ती एकेक पाकळी, एकेक देठ आधी मेणानं झाकायचा. बुडवायचं, वाळवायचं, गरम पाण्यात मेण उतरवायचं. उत्तम मुळी मिळे ती कृष्णेच्या मुखाशी, शिंपल्यांचा चुना मुरलेल्या मातीत. महाबळेश्वरला गोमुखातून पडते तीच ही कृष्णा.

डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली 1602 साली, आणि 1605 मध्ये तिचे लोक याच किनाऱ्यावरच्या मछलीपट्टणला पोचलेही. फ्रान्सनं 1686 साली या कापडावर बंदी घातली, पुढे इंग्लंडनंही. डचांनी कधीच घातली नाही. कंपनीला सुरुवातीला हे कापड हवं होतं ते मसाल्याच्या बेटांवर, जायफळ-लवंगेच्या बदल्यात द्यायला. त्याच जायफळाच्या मक्त्यासाठी 1621 मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरसोन कून यानं आजच्या इंडोनेशियातली बांदा बेटं ओस पाडली; माणसं मारली, उरलेल्यांतली कितीतरी गुलाम करून नेली.

हा दुसरा झगा निळा-पांढरा. हिंडेलोपनमध्ये दुखवट्याला असा झगा घालत.

झगा कुठल्या गावात नेसला गेला हे आपल्याला ठाऊक आहे. पण चितारणाऱ्याचं गाव कोणतं? अशा कापडांच्या नोंदीत बहुतेक ‘कोरोमंडल किनारा’ एवढंच असतं. शेकडो मैलांचा किनारा, आणि त्यावरचा एक हात.

हे आंध्र प्रदेशातलं श्रीकाळहस्ती. आणि हे ते कलम: बांबूची काडी, तिला गुंडाळलेली चिंधी, वरून आवळलेला दोरा. चिंधी रंगात भिजवायची, बोटांनी किंचित दाबायची, रंग टोकाकडे उतरतो.

आता फक्त रेघ पाहा.