काट्याच्या अलीकडे आणि पलीकडे

शिरोळ तालुक्यातील या उसाच्या फडात पहाटेचे चार वाजले आहेत. बॅटरीच्या उजेडात वाकलेले हे जोडपे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आले असून मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत दोघांची मिळून नोंद ‘एक कोयता’ अशी आहे. एकटा आला असता, तर तो ‘अर्धा कोयता’ ठरला असता.

उसाच्या बुडख्यात साखर अधिक असते, म्हणून घाव जमिनीलगतच बसावा लागतो. तो ऊस तोडतो, पाचट काढतो, शेंड्याचे वाढे छाटतो आणि मागोमाग ती त्याच वाढ्यांचा पीळ देऊन मोळी बांधते. तोडलेल्या उसाचे वजन तासागणिक घटत असल्यामुळे गाडी मध्यरात्री आली, तरी मोळ्या डोक्यावर घेऊन, अरुंद फळीवरून चढून ती भरूनच द्यावी लागते.

आता ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी आहे. काट्याच्या पलीकडे, ऊस टाकायच्या गव्हाणीपासून बॉयलरपर्यंत, याच उसावर काम करणाऱ्यांना कामगार, कारखाने आणि शासन यांच्या त्रिपक्षीय कराराने ठरलेली वेतनश्रेणी, भविष्य निर्वाह निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मिळते. हे त्यांनी संघटनेच्या बळावर मिळवले आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असू नये. तोडणी मजुरांना हे का नाही, तर त्यांचे काम हंगामी म्हणून, हे उत्तर मात्र येथे टिकत नाही. कारण कारखान्यातील हंगामी कामगारालाही गाळप बंद असताना रिटेन्शन भत्ता मिळतो.

काट्याच्या अलीकडे मजुरी टनावर मोजली जाते. जानेवारी 2024 मध्ये ऊसतोड मजुरांच्या संघटना आणि कारखान्यांचा साखर संघ यांच्या वाटाघाटींतून तोडणीचा दर टनाला सुमारे 273 रुपयांवरून 366 रुपये झाला. ही 34 टक्के वाढ मोठी वाटते खरी, परंतु एका कोयत्याने दिवसभरात दोन टन ऊस तोडला, तर होणारे 732 रुपये दोन माणसांचे असतात, आणि त्यात पहाटेचे तास किंवा रात्रीची भरणी वेगळी धरलेली नसते. आजारपणाची रजा नाही. उलट कामावर खाडा झाला, तर दंड कापला जातो.

या स्थलांतरात मुलांचे शिक्षण मध्येच तुटते, आणि बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी 2019 मध्ये शासनाला समिती नेमावी लागली.

गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला आहे, मजुरांच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, मोडल्या जात आहेत. मुकादम वहीत दसऱ्याच्या सुमारास आगाऊ दिलेल्या उचलीतून तोडलेल्या टनांची मजुरी वजा करतो आणि उरलेला आकडा पुढच्या हंगामाच्या पानावर ‘मागील बाकी’ म्हणून लिहून घेतो.